सीमोल्लंघन

आमच्या मुलुंडात हल्ली भिंतीवरचे घड्याळ एक असले तरी वेळा दोन असतात. सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी एकमेकांना ‘चहा झाला का’ असे विचारीत नाहीत. ‘तिकडे आत्ता किती वाजले?’ असे विचारतात. कुणाची लेक ह्यूस्टनला, कुणाचा नातू म्युनिकला. ज्या गृहस्थांनी जन्मात लोणावळ्यापलीकडची थंडी पाहिली नाही, ते उणे बारा अंशांत पायमोजे किती घालावेत यावर अधिकारवाणीने बोलतात. पूर्वी मुलगा मॅट्रिक झाला की लोक ‘पुढे काय?’ म्हणून विचारीत. आता ‘पुढे कुठे?’ असे विचारतात. शब्द एकच बदलला. पण त्यापायी कितीतरी घरांतल्या खाटा रिकाम्या झाल्या.

हा ‘कुठे’ गेल्या उन्हाळ्यात आमच्याही घरी येऊन बसला. माझी पुतणी स्थापत्य अभियंता. शहरात पडलेले पावसाचे पाणी जाते कुठे आणि तुंबते का, हा तिच्या आवडीचा विषय. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती. तिचे बाबा, म्हणजे माझे थोरले बंधू, त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी पोचले. ते पाणी सगळ्यांच्या अंगावरून ओसरले. तिच्या डोक्यातून काही उतरले नाही.

मे महिन्यात तिला दोन पत्रे आली. एक पवईच्या आय.आय.टी.चे, एक जर्मनीतल्या एका विद्यापीठाचे. दोन्ही संगणकावरच आलेली. पण वहिनींनी ती कागदावर छापून आणवली आणि देवापुढे ठेवली. देवाने काही कौल दिला नाही. मग दादाने शाळेची एक जुनी वही काढली आणि मधोमध रेघ मारली.

पवईची बाजू सोपी होती. कांजूरमार्गला उतरावे आणि रिक्षा करावी. शिवाय दरमहा थोडे विद्यावेतन. जर्मनीची बाजू ऐकताना प्रथम तीही सोपी वाटली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे कळताच आमच्या आईने त्या अनोळखी लोकांना ‘औक्षवंत व्हा’ असा तोंड भरून आशीर्वाद दिला. परंतु व्हिसा मागताना वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. बहुतेक मुले ती एका बंद खात्यात भरतात आणि त्यातून दरमहा ठरलेलाच हप्ता हाती येतो. आपल्या रुपयांत हे बारा लाखांच्या आसपास. वर प्रवास, आणि दुसरे वर्ष पुढे उभेच. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटले की बँक सहसा तारण मागते. आणि दादापाशी तारण म्हणजे राहत्या दोन खोल्यांचे कागद. वीस वर्षे हप्ते फेडून ते कागद बँकेतून घरी आले, त्याला अजून तीन वर्षे व्हायची होती.

त्या रविवारी घरात सभा भरली. एका काकांच्या मते परदेशची पदवी नसेल तर माणूस जन्मभर पंगतीत खालच्या पाटावर. दुसऱ्यांच्या मते तिकडे गेलेली पोरे परत येत नाहीत, फक्त पेढे पाठवा म्हणून कळवतात. आईने एवढेच विचारले, ‘जे तिला शिकायचंय, ते इथं शिकवत नाहीत का?’ कुणी लक्ष दिले नाही. पण सबंध सभेत मुद्द्याचा प्रश्न तेवढाच होता.

हा प्रश्न आमच्याच रेल्वेमार्गावरच्या एका मुलीने फार पूर्वी स्वतःला विचारला होता. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून, आपण वैद्यकी शिकायला अमेरिकेला का जातो, हे त्यांनी सांगितले. हिंदुस्थानात स्त्रियांना मिळणारे वैद्यकीचे शिक्षण अपुरे आहे, हे त्यातले एक कारण. वय अठरासुद्धा पुरे नव्हते. ऑक्टोबर 1885 मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजात काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी बसल्या आहेत. लुगड्यातल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पोशाखातली एक सिरियाची मुलगी. तिघींनाही घरी मिळत नव्हते ते घ्यायला तिघी आल्या होत्या.

पुढचे मात्र त्या चित्रात दिसत नाही. आनंदीबाई 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ओकामीबाई 1889 मध्ये पदवी घेऊन टोकियोला गेल्या आणि एका इस्पितळात रुजू झाल्या. तिथे सम्राटांची भेट ठरली. पण स्त्री म्हणून ओकामीबाईंना त्यांच्यासमोर येऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ती जागा सोडली, असे सांगतात. परदेशाने दार उघडले म्हणून घरचे दार आपोआप उघडत नाही.

उलट अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट पाहा. टोकियोच्या स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने त्यांच्या हाती आली. ते तिकडे शिकायला गेले नाहीत; 1916 मध्ये इथेच स्त्रियांचे विद्यापीठ काढून मोकळे झाले. त्याच विद्यापीठाचे एक आवार आज आपल्या जुहूला आहे. पवईची संस्थाही 1958 मध्ये युनेस्को आणि रशिया यांच्या मदतीने उभी राहिली. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, ते वेशीबाहेर नुसते फिरून येण्यासाठी नव्हे. सोने आणायचे आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायचे, तेव्हा तो विधी पुरा होतो. कधी सोने आणायला माणूस जातो, कधी ते टपालाने येते. वेस कुणी आणि केव्हा ओलांडायची, एवढाच काय तो प्रश्न.

आठ दिवसांनी जेवताना पुतणी म्हणाली, ‘बाबा, मी पवईला जाते. मिठी नदी पवई आणि विहारच्या तलावांतून निघते. माझं पाणी इथं तुंबतंय, आणि मी ऱ्हाइनकाठी काय मोजत बसू?’

सगळे हसले. दादा हसला नाही. दुसऱ्या दिवशी फलाटावर त्याने मला हळूच विचारले, ‘घराच्या कागदांकडे बघून तर म्हणाली नसेल ना रे?’ त्याचा आवाज मला ओळखू येईना. मुलीने आपला खर्च वाचवला याचा आनंद बापाला होतच नाही. आपल्यापायी तिने काही सोडले तर नाही ना, हे त्याला खात राहते. मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘काका, कागद मनात आलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण नदीही खोटी नाही. पुढं जायची वेळ आली, तर काय शिकायला जायचं ते मला नीट ठाऊक असेल.’

मला वाटते, एवढे खरे उत्तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही देता येत नाही.

या दिवाळीत आमच्या इमारतीतून फराळाचे सात डबे समुद्रापार गेले. आमचा आठवा लोकलने कांजूरमार्गला गेला. दादाने घराचे कागद मात्र पुन्हा पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवलेले नाहीत. ते कपाटाच्या वरच्या खणात आहेत, हात घातला की मिळतील असे.