मिसरूड, मसें आणि खत

नववीच्या वर्गात ‘मिसरूड फुटणे’ हा वाक्प्रचार आला की पाच मिनिटं तास माझ्या हातात राहत नाही. वाक्यात उपयोग करा म्हणावं, तर मागच्या बाकावरून वाक्याऐवजी नावंच येतात. ज्यांची नावं येतात ते ओठावर हात ठेवून बसतात. ज्यांची येत नाहीत ते जास्त नाराज.

उर्दूच्या तासाला याच गोष्टीला मी ‘मसें भीगना’ म्हणून शिकवतो. मिसरूड फुटते, जसा कोंब फुटतो. मसें मात्र भिजतात. संस्कृतातलं श्मश्रू पालीत ‘मस्सू’ झालं, आणि उर्दूतली मसें त्याच घराण्यातली. म्हणजे अस्सल देशी शब्द, पण पोरांना तो अरबी वाटतो! फारसीकडून आलेला शब्द वेगळा, ‘सब्ज़ा’. गालावरची कोवळी हिरवळ. शायरीत त्यालाच ‘ख़त’ही म्हणतात. खत म्हणजे रेघ आणि खत म्हणजे पत्रही, त्यामुळे शायरांची चंगळ. न्हाव्याकडे जाऊन ‘खत बनवणं’ हे आजही चालू आहे. गल्लीतल्या दखनीत यातलं काही नाही. तिथे सरळ, ‘क्या बे, मूछां आरे?’

एक फरक मात्र मला मजेशीर वाटतो. मराठीत सगळा मान मिशीचा. ताव मारायचा तो मिशीला, पीळ भरायचा तो मिशीला. आमच्या घरांत पोरगा आरशात हनुवटी बघतो, कारण मिशी बारीक ठेवून दाढी वाढवणं ही सुन्नत.

यंदा दहावी झालेल्या एका मुलाची आई घरी आली होती. पोराला पुण्यात डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, खोली शोधायची होती. हनुवटीवर मोजून पंधरा-वीस केस, पण ते काढायला तो तयार नव्हता.

‘सर, आप बोलो उसको. मेरी नै सुनता. वहाँ रूम कौन देगा?’

हसावं असं त्यात काही नव्हतं. हिंदू पोराच्या आईला मिसरूड फुटल्यावर ही काळजी पडत नसावी. तिथे ‘आता मोठा झालास’ एवढ्यावर भागतं.

मुलगा दाराशीच उभा होता. हळूच म्हणाला, ‘सर, काढली तरी भाड्याच्या कागदावर नाव तेच लिहायचंय ना?’

यावर मला उत्तर सुचलं नाही. आईला म्हटलं, ‘आपा, दाढीचं त्याचं तो बघेल. खोली बघायला मी सोबत जातो.’

दोन दिवसांत सात ठिकाणं पाहिली. पाच जागी नाव विचारल्यावर खोली आधीच गेलेली निघाली. सहावी परवडणारी नव्हती. सातवी मिळाली, एका निवृत्त मास्तरांकडे. त्यांनी पोराकडे नीट बघून एकच विचारलं, ‘रात्री उशिरापर्यंत दिवा लावतोस का रे? वीजबिल वेगळं आहे.’