बारा सूत

गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात होती आणि तरीही चाक फिरलं. फार नाही, चार बोटं. मेस्त्रीनं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, टायर जमिनीपासून सुटतो न सुटतो तोच आत कुठेतरी 'खट्' झालं आणि चाक आपलं आपण मागे सरकलं. बराच वेळ अवघडून बसलेल्यानं पाय मोकळा करावा तसं. मी दचकलो. मेस्त्री नाही दचकला. "पीळ सुटला," एवढंच म्हणाला आणि विडी शोधायला लागला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे शाळेपासून ऐकत आलोय. मनगटाएवढ्या जाडीच्या पोलादी शाफ्टलाही पीळ बसतो, हे मात्र साठी जवळ आल्यावर कळलं.

चूक माझीच. दापोलीजवळ आतेभावाची कलमांची बाग आहे. जुलैत तिथून बाहेर पडायचं तर पहिला दीड किलोमीटर नुसता तांबडा चिखल. त्याची जुनी डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप मी हौसेनं चालवायला घेतली, चिखलात फोर व्हील टाकलं आणि डांबरी लागल्यावर काढायला विसरलो. पाऊस उघडला होता, रस्ता वाळला होता. सहा-सात किलोमीटरांत स्टिअरिंग जड झालं. मग आठवण झाली, पण तोवर लिव्हर हलायला तयार नव्हता.

अशा गाडीत फोर व्हील टाकलं की पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांमध्ये देवाणघेवाण करायला डिफरन्शियल नसतं. चिखलात ते खपतं, कारण चाकं थोडी घसरतात आणि आपापला हिशोब तिथल्या तिथे भागवतात. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग तो हिशोब शाफ्टमध्ये साचत जातो.

"रिव्हर्स घेऊन बघायचंत, काका. बऱ्याच वेळा चार पावलं मागे गेलं की सुटतो," मेस्त्री म्हणाला. "पण एवढ्या रस्त्याला एवढा पीळ बसत नाय. टायर बघूया."

गॅरेजच्याच एका कोपऱ्यात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. तिची टेप आली. टेप साठ इंचांची, चाकाभोवती पुरेना. मग सुतळी आली. चारही चाकांत हवा सारखी करून त्यानं एकेका टायरला मधोमध सुतळी गुंडाळली, खडूनं खूण केली आणि ती फरशीवर ताणून टेपनं मोजली. ब्लाउजचं माप घ्यावं इतक्या हळुवारपणे. मागची दोन्ही सत्याऐंशी इंच. पुढची दोन्ही साडेपंच्याऐंशी.

"बारा सूत," तो म्हणाला. मेस्त्री लोक अजून सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. मिलिमीटर शिकून माझं तरी काय भलं झालं?

पुढचे टायर जवळजवळ गोटा झालेले. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, यांची दोनच्या आसपास उरली होती. सहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढी झीज. पण परीघ काढताना तिला सहा पूर्णांक अठ्ठावीसनं गुणावं लागतं, आणि नखाचा दीड इंच होतो. किलोमीटरला नवं चाक साडेचारशे फेरे घेत असेल, तर झिजलेलं त्याहून सात-आठ जास्त घेतं. हे आठ फेरे दर किलोमीटरला कुणीतरी गिळायचे असतात. सुबारूच्या चारही चाकं कायम ओढणाऱ्या गाड्यांना म्हणे परिघात पाव इंचाहून जास्त फरक चालत नाही. पाव इंच म्हणजे दोन सूत. आमचे बारा!

आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, चारही एकदम कोण घेतो?" बरोबरच आहे. आपल्याकडे टायर हे चपलांच्या अंगठ्यासारखे, तुटेल तो बदलायचा. मागचा एक त्यानं नवा घेतला होता आणि दुसरा होता बढती मिळालेली स्टेपनी, पाच वर्षं खाली टांगून राहिलेली, अंगावरचे रबरी केसही शाबूत. चार चाकं, तीन कंपन्या. खरं तर पाचही चाकं आलटून पालटून वापरली असती तर सगळी बरोबरीनं म्हातारी झाली असती. पण स्टेपनी आपण ठेवणीतल्या शालूसारखी जपतो.

स्टेपनी हा शब्द मला फार आवडतो. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. 1904च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक काढलं, पंक्चर झालेल्या चाकालाच वरून अडकवायचं. त्याआधी मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या. रस्त्याचं नाव चाकाला लागलं. इंग्रजांच्या बोलण्यातून ते केव्हाच गेलं, आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून वात्रट विनोदापर्यंत ठाण मांडून बसलंय.

मेस्त्री आता टायरच्या कडेवरून अंगठा फिरवत आकडे वाचत होता. शेवटचे चार, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 3218 असेल तर 2018चा बत्तिसावा आठवडा. त्याचा तो अंगठा बघताना मला खरसुंडीचा बाजार आठवला.

आमचं आजोळ आटपाडीकडचं. खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते आणि खिलार जनावरांचा मोठा बाजार. तिथे आजोबा असंच बैलाचा खालचा ओठ ओढून अंगठ्यानं दात चाचपायचे. दोन दातांचा दुसा आहे की चार दातांचा चौसा. विकणारा काय सांगतो याला कवडीची किंमत नसे, दात काय सांगतात ते खरं.

आणि टायरला तर आमच्याकडे टायरच्या आधीपासून शब्द होता : धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. एवढा नेमका शब्द टाकून आपण टायर का घेतला, कोण जाणे. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की धाव सैल पडून खुळखुळायची. मग गाडी लोहाराकडे. तो धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड करायचा. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. तिघं जण सांडशींनी ती उचलून चाकावर टाकायचे. लाकूड पेटायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि आम्ही पोरं तांब्यांनी पाणी ओतत सुटायचो. चर्र. लोखंड आवळत जायचं, आणि चाकाच्या सगळ्या आऱ्या एकेक करत कुरकुरत आपापल्या खाचेत घट्ट बसायच्या. तो कुरकुरण्याचा आवाज मी नंतर कुठेच ऐकला नाही.

त्या गाडीचं एक चाक दुसऱ्याहून अर्धा इंच मोठं असतं तरी काही बिघडलं नसतं. दोन्ही आसावर आपापली फिरतात, फार तर बसणारा जरा कलतो. बैलगाडीच्या चाकांना पीळ ठाऊक नव्हता. तो असायचा पुढे, जुवाखाली.

आजोबांच्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल एका श्रावणात गेला. उजव्या अंगाचा बारा वर्षांचा होता, त्याला विकवेना. त्याच्याशेजारी डावीकडे तरणा चौसा आणून जुंपला. नवा पाऊल लांब टाकायचा, जुना आखूड. गाडी सारखी एका अंगाला ओढ खायची, नांगराचं तास वाकडं जायचं. गावातले लोक बांधावरून हसायचे. आजोबांनी जुवाची मधली बांधणी तरण्याच्या बाजूला चार बोटं सरकवली, म्हणजे त्याच्यावर ओझं जास्त आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला कमी. तरीही चढ आला की ते गाडीतून खाली उतरत आणि म्हाताऱ्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून त्याच्या चालीनं चालत. तरण्याला मग आपोआप हळू व्हावं लागे.

तो चौसा खरसुंडीचाच. सौदा रुमालाखाली झाला होता, बोटांवर. मी शेजारीच उभा होतो, रुमाल हलताना बघत. आजोबांनी आत किती बोटं दाबली, ते त्यांनी आजीलाही कधी सांगितलं नाही.