मौनभंगाची कथा

वेताळपंचविशीतील राजा विक्रमावर घातलेली अट मोठी चमत्कारिक आहे. झाडावर लोंबणारे प्रेत खांद्यावर घेऊन त्याने स्मशान गाठायचे, आणि वाटेत एक शब्दही उच्चारायचा नाही. प्रेतात वसलेला वेताळ मात्र वाटभर गोष्ट सांगतो आणि गोष्टीच्या अखेरीस न्यायाचा प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. उत्तर दिले तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. राजा उत्तर देतो, वेताळ निसटतो, आणि म्हणूनच पुढची गोष्ट जन्माला येते. दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालांचे मर्म या जुन्या चौकटीत सांगून ठेवलेले आहे. मालिका लांबते ती केवळ सांगणाऱ्याच्या प्रतिभेने नव्हे. ऐकणाऱ्याला गप्प बसवत नाही, म्हणूनही ती लांबते.

ही चौकट कोलकात्याच्या चांगल्या परिचयाची आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या 'बेताल पंचविंशती'पाशी आधुनिक बंगाली गद्याचा इतिहास हटकून थांबतो. फोर्ट विल्यम कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी हिंदी 'बैतालपचीसी'वरून केलेले ते पुस्तक होते. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' त्याच्या आधीची, १८३० सालची. आणि त्याही अगोदर, १८१४ साली, मराठी 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली ती कोलकात्याजवळच्या श्रीरामपुरात. दोन्ही भाषांच्या छापील गद्याच्या उंबरठ्यावर असे वेताळ आणि बोलत्या पुतळ्या बसलेल्या आहेत. पुढे दोन्ही भाषांतील सुजाण समीक्षेने भूतप्रेतांच्या कथांना ओसरीवरच ठेवले, घरात घेतले नाही, ही गोष्ट वेगळी.

बंगालीत ओसरीवरून थेट माजघरात शिरलेले एक पात्र म्हणजे तारानाथ तांत्रिक. त्याचा निर्माता 'पथेर पांचाली'चा कर्ता बिभूतिभूषण बंद्योपाध्याय हा आहे, हे ऐकून मराठी वाचकाला प्रथम नवल वाटते. निश्चिंदिपूरच्या बांबूच्या बनांतून अपू-दुर्गेला हिंडवणारा हा लेखक स्मशानात कसा पोचला? परंतु बिभूतिभूषणांच्या मनात परलोकाचे कुतूहल फार लवकर घर करून बसलेले होते. विवाहानंतर थोड्याच काळात, १९१८ साली, त्यांची तरुण पत्नी गौरी निवर्तली. मृत्यूनंतर माणूस कोठे जातो हा प्रश्न त्यांना नंतर कधी सुटला नाही. 'देवयान' या कादंबरीत तो उघडपणे येतो आणि तारानाथाच्या कथांत तो वेषांतर करून येतो.

तारानाथाची मांडणी पाहण्यासारखी आहे. मध्य कोलकात्यातील मट लेनमध्ये एक जुने घर आहे. दारावर ज्योतिषाची पाटी आहे. आत एक उतारवयाचा माणूस बसलेला असतो. एकेकाळी त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ होती, पैसा आला तसा उधळला गेला, आणि आता संसार ओढगस्तीला लागला आहे. निवेदक आणि त्याचा मित्र किशोरी सेन या घरी येतात, चहा-तंबाखूच्या संगतीत गप्पा रंगतात, आणि म्हातारा आपल्या तारुण्यातील साधनेच्या गोष्टी सांगू लागतो. बीरभूमच्या स्मशानातील वेडसर भैरवी, शवसाधनेची रात्र, बराकर नदीच्या काठी प्रकट झालेली मधुसुंदरी देवी, असा हा प्रवास आहे. बंगालीत ज्याला 'अड्डा' म्हणतात ती निरुद्देश, लांबत जाणारी बैठक येथे कथेची पार्श्वभूमी राहत नाही, तोच कथेचा आकार होतो. ऐकणारे पूर्ण विश्वास ठेवत नाहीत आणि पूर्ण अविश्वासही दाखवत नाहीत. या दोहोंमधल्या जागेत तारानाथ जगतो.

बिभूतिभूषणांनी त्याच्या दोनच कथा लिहिल्या. १ नोव्हेंबर १९५० रोजी घाटशिला येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा मुलगा तारादास अवघा तीन वर्षांचा होता. या मुलाने मोठेपणी वडिलांचे अपुरे धागे हाती घेतले. 'अपराजित'च्या पुढची कथा त्याने 'काजल'मध्ये लिहिली, आणि मट लेनमधील बैठक पुन्हा भरवून तारानाथाला नव्या गोष्टी सांगायला लावल्या. 'अलातचक्र' ही कादंबरीही त्याच परिवारातली. २०१० साली तारादास गेले. ज्या बापाचा आवाजही मुलाच्या स्मरणात राहणे कठीण, त्याच्या पात्राच्या तोंडून मुलगा आयुष्यभर बोलत राहिला. परलोकाशी संपर्क साधण्याच्या सर्व तांत्रिक विधींहून हा विधी अधिक विलक्षण म्हटला पाहिजे.

चित्रकथांच्या वाचकाला येथे आणखी एक वारसा आठवेल. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला बुरखाधारी नायक १९६४पासून इंद्रजाल कॉमिक्समधून भारतात घरोघर पोचला. मराठी मुलांनी त्याला 'वेताळ' म्हणून ओळखले. बंगाली वाचक त्याला 'अरण्यदेव' म्हणतात. अरण्यातील लोक त्याला अमर समजतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की बाप मरतो आणि मुलगा तोच बुरखा चढवतो. सध्याचा हा एकविसावा. फॉक १९९९ साली गेले, तरी चित्रकथा थांबली नाही. तारानाथाच्या बाबतीत हा बुरखा पात्राने न चढवता लेखकाने चढवला, एवढाच फरक.

कोलकात्यातील तारानाथप्रेमींची चर्चा नेमकी या ठिकाणी पेट घेते. कॉलेज स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांपाशी, कॉफी हाउसच्या टेबलांभोवती, हिवाळ्यातल्या पुस्तकमेळ्यात, मातीच्या भांड्यातला चहा निवेपर्यंत हा वाद चालू शकतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, खरा तारानाथ दोन कथांचा. त्याच्या भोवतीचे मौन हीच त्याची सिद्धी होती आणि मुलाने ती बोलून घालवली. दुसरा पक्ष उत्तर देतो की, बापाच्या तारानाथापाशी विषाद आहे, पण गाव, देवळे, पिढ्यान्‌पिढ्यांचे शाप आणि सज्जनांचे संरक्षण हा सगळा विस्तार मुलाचा आहे. बहुसंख्य वाचकांना जो तारानाथ ठाऊक आहे तो तारादासांचाच. वयाने वडील असलेल्यांना 'दादा' म्हणत, त्यांचे मत पूर्ण ऐकून घेऊन मग ते खोडून काढण्याची एक रीत या बैठकांत रुळलेली आहे. वाद कधी निकालात निघत नाही. निघू नये अशीच सर्वांची इच्छा असते.

पुढच्या काळात या वादाला नवे फाटे फुटले. २००९ साली सुरू झालेल्या 'संडे सस्पेन्स' या रेडिओ कार्यक्रमाने तारानाथाला पुन्हा कानाचा विषय केले; २०१९ साली त्याच्यावर वेबमालिका आली; शमिक दासगुप्ता यांनी याली ड्रीम क्रिएशन्ससाठी त्याला इंग्रजी चित्रकादंबरीत आणले. रेडिओवर फारसा आक्षेप आला नाही, कारण तारानाथ मुळातच आवाज आहे. चित्राने मात्र अडचण उभी केली. ज्या देवीचे रूप बिभूतिभूषणांनी वाचकाच्या मनावर सोपवले, तिला चित्रकाराने नाक, डोळे, दागिने द्यावेच लागतात. शिवाय चित्रकथेची चौकट कृती मागते. आठवणी सांगणारा थकलेला म्हातारा तिथे पुरत नाही. लढणारा, धावणारा नायक लागतो. सांगणारा तारानाथ करणारा झाला की भय उरते, पण विषाद जातो, अशी जुन्या वाचकांची तक्रार आहे, आणि ती सहज बाजूला सारण्याजोगी नाही.

परंतु तिचे उत्तरही तितकेच खरे आहे. कोलकात्यातील अनेक घरांत आज मुले बंगाली बोलतात आणि वाचतात इंग्रजी. अशा मुलाला मट लेनचा रस्ता कोणी दाखवायचा? बंगाली चित्रकथेचा फार मोठा आधार असलेले नारायण देबनाथ १८ जानेवारी २०२२ रोजी गेले. १९६२ साली सुरू झालेली 'हांदा भोंदा', १९६५चा 'बाँटुल' आणि १९६९ची 'नन्टे फन्टे' ही त्यांची चित्रे अनेक मुलांच्या वाचनाची पहिली पायरी होती. ती पायरी झिजत असताना इंग्रजी चित्रकादंबरीतून का होईना, एखादा मुलगा तारानाथापर्यंत आला आणि मग आजोबांच्या कपाटातील मित्र ओ घोष प्रकाशनाची प्रत काढून अडखळत वाचू लागला, तर बिघडले कोठे? या प्रश्नाशी आल्यावर बैठकीतील सर्वांत कडवा परंपरावादीही क्षणभर थबकतो.

मराठीत नारायण धारपांच्या वाचकांची अवस्था याहून फार निराळी नाही. १९२५ ते २००८ असे आयुष्य लाभलेल्या धारपांनी 'समर्थ' हा अतींद्रिय शक्तींचा जाणता उभा केला. समर्थ आणि तारानाथ शेजारी ठेवून पाहिले तर दोन प्रदेशांचे स्वभाव उमटतात. समर्थ नावापासूनच आश्वासन देतात: संकट कितीही अघोर असो, त्याच्यापुढे उभी राहणारी सात्त्विक शक्ती आहे. बिभूतिभूषणांचा तारानाथ असे काही देत नाही; ज्याच्या हातून सिद्धी निसटली त्याची ती कबुली आहे. एकाच्या मागे रामदासी परंपरेचा ध्वनी आहे, तर दुसऱ्याच्या मागे तारापीठच्या स्मशानाचा आणि वामाखेपांसारख्या अवलियांचा. २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांची 'आजी' आहे आणि 'आजी'मागे स्टीफन किंगची 'ग्रॅमा' आहे, अशी वंशावळ धारपप्रेमी सांगतात, तेव्हा तेही कोलकात्याचाच वाद मराठीत घालत असतात. भय कोणाच्या मालकीचे, हा तो वाद.

एवढ्यावर हा विषय संपवला तर त्यातील सर्वांत अवघड बाब टाळल्यासारखे होईल. तंत्रमंत्र ही या देशात केवळ कथेची सामग्री नाही. मट लेनमधल्यासारख्या पाट्या आजही लागतात, आणि त्यांच्या आत बसलेला माणूस कथा सांगत नसतो, पैसे आणि कधी त्याहून बरेच काही मागत असतो. प्रबीर घोष यांनी १९८५ साली कोलकात्यात विवेकवादी संघटना उभारून अशा पाट्यांना आव्हान दिले. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी तेच काम करताना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमावले आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. मग तारानाथाची गोडी ही निष्पाप करमणूक मानायची की त्या पाट्यांना घातलेले खतपाणी?

या प्रश्नाचे उत्तर कथांच्या विषयात सापडत नाही, ऐकण्याच्या रीतीत सापडते. बुवाच्या दरबारात प्रश्न विचारता येत नाही. तेथे मान डोलवावी लागते. तारानाथाच्या बैठकीत किशोरी सेन शंका घेतो, टोकतो, पुढे काय झाले ते विचारतो, आणि चहा संपल्यावर आपल्या घरी जातो. कॉफी हाउसमधला वाचक तर लेखकालाही सोडत नाही: हे बापाचे, हे मुलाचे, हे चित्रकाराने घुसडलेले, अशी तो भयाचीच चिकित्सा करतो. ज्या भयाविषयी वाद घालता येतो ते भय माणसाला गुलाम करीत नाही. म्हणून एखाद्या अघोर कथामालेवर तासन्‌तास बोलणाऱ्या प्रेमिकांना रिकामटेकडे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. श्रद्धा आणि कथा यांच्यामधली रेघ ही मंडळी रोज नव्याने आखीत असतात. आणि ती रेघ पुसली जाते तेव्हा काय होते, ते पुण्याने पाहिले आहे.

वेताळपंचविशीचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. शेवटच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते, तो खरोखरच गप्प राहतो, आणि वेताळ अखेर स्मशानात पोचण्यास राजी होतो. मात्र पोचण्यापूर्वी तो राजाला सावध करतो की, प्रेत आणायला सांगणारा तो साधकच राजाचा बळी देणार आहे. वेताळाने हे गुपित फोडले ते राजाच्या आज्ञाधारकपणावर प्रसन्न होऊन नव्हे. रात्रभर हा माणूस भीतीच्या ओझ्याखाली चालत होता आणि तरीही प्रत्येक गोष्टीवर स्वतःचा निवाडा देत होता, हे त्याने पाहिलेले होते. राजा पहिल्याच खेपेस मौन पाळून स्मशानात पोचला असता, तर तांत्रिकाचे काम फत्ते झाले असते.