दवाखान्यात कोण बोलणार?





गेल्या सत्रात सातवीतील एका मुलीचे रजेचे अर्ज वरचेवर येऊ लागले. प्रत्येकावर कारण एकच : आईला दवाखान्यात न्यायचे आहे. वर्गशिक्षिकेने विचारपूस केली तेव्हा कळले की तिचे आईवडील दोघेही कर्णबधिर आहेत. मुलगी त्यांच्याशी हातांनी बोलते, आजीशी मराठीत आणि गल्लीत हिंदीत. दवाखान्यात आईच्या वतीने तीच बोलते. आईच्या संमतीने, नाव न देता हे लिहीत आहे.

एके दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, "मम्मी को बता दो, बच्चेदानी निकालनी पड़ेगी." बारा वर्षांच्या मुलीला ते धड समजले नाही, आणि जे समजले त्याची भीती वाटली. तिने आईला खुणेने सांगितले, 'पोटाचे छोटे ऑपरेशन'. आईने मान डोलावली. पोट आईचे, होकारही आईचा. पण होकार कशाला दिला हे तिला ठाऊकच नव्हते. आठ दिवस मुलीने हे मनात ठेवले आणि मग बाईंजवळ रडली.

पुष्कळांना वाटते, कागदावर लिहून दिले की झाले. माझे बी.ए.पर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी होती, तरी नोकरीत पहिले मराठी परिपत्रक लिहिताना मला घाम फुटला होता. मी ती भाषा निदान पाळण्यापासून ऐकलेली तरी होती. ज्याने हिंदी-मराठी कधी ऐकलीच नाही, त्याची पहिली भाषा बहुधा हातांची असते. छापील भाषा ही त्याने केवळ डोळ्यांनी शिकलेली दुसरी भाषा. त्यात डॉक्टरांचे अक्षर!

2011 च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या 50 लाखांवर होती. दिव्यांगजन अधिकार कायदा, 2016 च्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळा नसलेला प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगितले आहे. पायऱ्यांशेजारी उतार बांधला की व्हीलचेअरचा अडथळा दूर होतो. बहिऱ्या माणसाचा अडथळा तपासणीच्या खोलीत सुरू होतो. 2021 मध्ये निघालेल्या भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात 10,000 शब्द आहेत, त्यांत वैद्यकीय शब्दही आहेत. म्हणजे कायदा आहे, शब्दही आहेत. उणीव आहे ती दुभाष्यांची. आपल्या इंदूरच्या तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी मदत केंद्र सुरू झाले होते. ठाण्यात जे जमले ते दवाखान्यात का जमू नये?

पुढच्या तपासणीला सांकेतिक भाषा जाणणाऱ्या एका शिक्षिका आमच्या विनंतीवरून त्या आईबरोबर गेल्या. मुलगी त्या वेळी गणिताच्या तासाला बसली होती. आईने त्या दिवशी डॉक्टरांना पहिल्यांदाच प्रश्न विचारला : दुसरा काही उपाय नाही का? होता. आधी काही महिने औषध घेऊन पाहायचे ठरले.

आपल्या पालकांत डॉक्टर आहेत, औषधविक्रेते आहेत. त्यांना विनंती की, अशा रुग्णाशी बोलताना मास्क शक्य असेल तेव्हा उतरवा, तोंड त्याच्याकडे ठेवा, नंबर आल्यावर नुसती हाक न मारता हाताने खूण करा, आणि गंभीर गोष्ट मुलाकरवी सांगू नका. विश्वस्त मंडळाला विनंती की, शनिवारी शाळा सुटल्यावर एक खोली आणि शिक्षकाचे मानधन मंजूर करावे. 23 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. त्या दिवशी वर्ग सुरू करता येईल. शिक्षक, पालक, मोठी मुले, सर्वांनी यावे. सुरुवात 'कुठे दुखते' आणि 'किती दिवसांपासून' यानेच करू.

मुलांनो, आईला पाणी द्यावे, औषधाची वेळ लक्षात ठेवावी, तिचा हात धरून रस्ता ओलांडावा. ही सेवा तुमचीच आहे. पण तिच्या आजाराची वार्ता तिला सांगणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि ते मोठ्यांनीच केले पाहिजे.

आपली,
मुख्याध्यापिका