झाकणाच्या आतली बाजू

रहस्यकथा वाचण्याचा नाद ज्याला जडला आहे, त्याच्या मनात घड्याळांविषयी एक कायमचा संशय असतो. खून झालेल्या गृहस्थाच्या मनगटावरचे घड्याळ फुटून बरोबर नऊ वाजून वीस मिनिटांनी बंद पडलेले आढळले, की गोष्टीतला इन्स्पेक्टर खूश होतो आणि आपण मात्र उशी सावरून बसतो. इतका सोयीचा साक्षीदार खरा असणे शक्य नाही, हे बाबूराव अर्नाळकरांपासून शेरलॉक होम्सपर्यंत सगळ्यांनी आपल्याला शिकवून ठेवलेले असते. काटे काय, कुणीही फिरवावेत! घड्याळाची खरी जबानी घ्यायची तर त्याचे पाठीमागचे झाकण उघडावे लागते.

होम्सने हे १८९० साली निघालेल्या 'साइन ऑफ फोर'च्या आरंभीच दाखवून दिले आहे. डॉक्टर वॉटसन त्याची परीक्षा पाहावी म्हणून एक घड्याळ त्याच्या हाती देतो. होम्स झाकण उघडून भिंगातून पाहतो, तो आत सुईच्या टोकाने कोरलेले चार बारीक आकडे! घड्याळ गहाण ठेवून घेतले, की त्याच्या पावतीचा नंबर झाकणाच्या आत कोरून ठेवायचा, अशी इंग्लंडातल्या सावकारांची रीत होती. चार नंबर, म्हणजे मालक चार वेळा अडचणीत आला. आणि घड्याळ परत मिळाले, म्हणजे मधूनमधून त्याचे दिवस बरेही येत गेले. चावीच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे रात्री चावी देणारा हात दारूने थरथरत असे. हे ऐकून वॉटसन खुर्चीवरून उठतो आणि चिडतो. कारण ते घड्याळ त्याच्या नुकत्याच वारलेल्या थोरल्या भावाचे असते. त्या प्रकरणात होम्सच्या हुशारीपेक्षा मला वॉटसनचा राग अधिक आवडतो. तो का, ते पुढे सांगतो.

घड्याळजी आणि गुप्तहेर ही एकाच कुळातली माणसे आहेत. दोघांच्या डोळ्याला भिंग, दोघांचा जीव बारीकसारीक गोष्टींत आणि दोघांचीही जीभ आखूड. ज्या स्वित्झर्लंडने जगाला घड्याळे पुरवली, तेथे तर गुप्तपणा धंद्याच्या हाडीमासी मुरलेला. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिन या कडक धर्मसुधारकाचा अंमल होता. दागदागिन्यांवर त्याची वक्र दृष्टी. सोनारांनी करावे काय? घड्याळ काही दागिना नव्हे, असे म्हणत ते घड्याळांकडे वळले. फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून आलेले कारागीर त्यांना मिळाले आणि १६०१ साली त्यांचा संघ उभा राहिला. पुढे हा धंदा जुरा डोंगरातल्या खेड्यांत पसरला. तेथे हिवाळ्यात शेते बर्फाखाली जात. मग खिडकीशी मेज ओढून एका घरात नुसती चाके कापायची, दुसऱ्या घरात नुसते स्क्रू, तिसऱ्या घरात स्प्रिंगा. सगळे भाग गोळा करून घड्याळ जुळवणारा निराळाच. आपण केलेले चाक कोणाच्या खिशात टिकटिकते आहे, हे चाक करणाऱ्याला जन्मभर कळत नसे.

याच मुलखात, न्यूशातेल येथे, १७४७ साली ब्रेगेचा जन्म झाला. नाव मिळवले त्याने पॅरिसात. नाव मिळाले की नकला होणारच. बाजारात खोट्या 'ब्रेगे' घड्याळांचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. ती इतकी नाजूक, की सरळ पाहिले तर पांढऱ्या मिन्यावर काहीच दिसू नये. तबकडी उजेडाशी तिरपी धरावी, तेव्हा आकड्याजवळ अक्षरे हळूच उमटतात.

या ब्रेगेच्या एका घड्याळावरून जगातली सर्वांत मोठी घड्याळचोरी घडली. १७८३ साली फ्रान्सच्या राणीच्या, म्हणजे मारी आंत्वानेतच्या, पदरच्या एका अधिकाऱ्याने त्याच्याकडे घड्याळ सांगितले. अट एवढीच, की जितक्या करामती ठाऊक आहेत तितक्या सगळ्या त्यात असाव्यात, शक्य तेथे सोने वापरावे आणि पैशाचा किंवा वेळेचा विचार करू नये. ब्रेगेने वेळेचा विचार खरोखरच केला नाही. १७९३ साली राणीचा शिरच्छेद झाला, १८२३ साली स्वतः ब्रेगे वारला आणि घड्याळ पुरे झाले १८२७ साली, सांगितल्यापासून चव्वेचाळीस वर्षांनी! ८२३ भागांचे हे १६० नंबरचे घड्याळ तास, पाव तास आणि मिनिटे वाजवून सांगते, लीपवर्षाचा हिशेब आपला आपण ठेवते, वर उष्णतामानही दाखवते. ज्या राणीसाठी ते केले, तिने मात्र ते कधी पाहिले नाही.

फिरत फिरत ते सर डेव्हिड सॉलोमन्स या इंग्रज संग्राहकाकडे आले आणि त्यांच्या मुलीने जेरुसलेमला उभारलेल्या इस्लामी कलेच्या संग्रहालयात जाऊन बसले. १५ एप्रिल १९८३ च्या रात्री ते आणि त्याच्यासोबतची मिळून १०६ घड्याळे नाहीशी झाली. खिडकी लहान, गज वाकवलेले आणि धोक्याची घंटा बिघडलेली. तेवीस वर्षे पोलिसांना काही धागा मिळाला नाही. मग २००६ साली एका वकिलामार्फत निरोप आला, की काही घड्याळे परत द्यायची आहेत, नाव विचारू नये. पेट्या उघडल्या तर आत राणीचे घड्याळ! नाव न विचारणे पोलिसांना जमण्यासारखे नव्हते. शोध लागला तो नामान डिलर नावाच्या, एकट्याने घरफोड्या करणाऱ्या एका चोराचा. तो २००४ सालीच वारला होता. मरणाच्या दारात त्याने बायकोला सगळे सांगून टाकले होते आणि तीच बिचारी तो वारसा कुठे ठेवू, कुठे परत करू अशा विवंचनेत पडली होती. पुढे फ्रान्समधल्या बँकांच्या तिजोऱ्यांतूनही आणखी घड्याळे निघाली. १०६ पैकी ९६ परत आली.

मला त्या चोराचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते एवढेच, की असले घड्याळ घेऊन त्याने केले काय? मनगटावर बांधता येत नाही, विकायला जावे तर सारे जग ओळखते. म्हणजे ते नुसते लपवायचे आणि घरातल्या माणसाशीही बोलायचे नाही. एवढी वर्षे त्याने हेच केले.

हे झाले जेरुसलेमचे. नागपुरास त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण आमच्या गावात झिरो माइलचा दगड आहे, तेव्हा कुठलेही अंतर आमच्यापासून मोजायला हरकत नाही! आणि स्विस घड्याळांच्या एका खऱ्याखुऱ्या रहस्यकथेतले एक प्रकरण वर्धा रोडवरच्या आमच्या सेंट्रल जेलच्या भिंतीआड घडलेले आहे.

आज ज्यांची वये साठ-सत्तर आहेत त्यांना आठवत असेल, की १९६१ साली बंगळूरला एच. एम. टी. ची घड्याळे निघू लागली, तरी ती मिळायला नंबर लावावा लागे. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आणि वर जबर जकात. घड्याळ तर मुठीत मावणारी वस्तू. साहजिकच कोकणच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर स्विस घड्याळेही उतरू लागली. डॅनियल वालकॉट हा अमेरिकन वैमानिक याच धंद्यातला. १९६२ साली दिल्लीत काडतुसे बाळगल्याबद्दल तो पकडला गेला. त्याचे छोटे विमान सफदरजंगच्या विमानतळावर पहाऱ्यात होते. १९६३ च्या सप्टेंबरात या पठ्ठ्याने त्याच विमानात बसून पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाकिस्तान गाठले! १९६५ साली मुरूडच्या वाळूवर एक विमान उतरलेले सापडले, आत स्विस घड्याळे. वैमानिक निसटला होता. १९६६ साली तो मुंबईत सापडला आणि पुढे शिक्षा भोगण्यासाठी नागपूरला आला. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्याने तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटविरुद्ध हायकोर्टात केलेला अर्ज निवाड्यांच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. ज्याने हिंदुस्थानच्या मनगटांवर चोरटी घड्याळे चढवली, त्याने आपले दिवस जेलच्या टोल्यांवर मोजले असतील, हा विचार त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात हटकून येतो.

पण चोरटा माल घेणारे कोण होते? तुमच्याआमच्यासारखेच. जावयाला 'फॉरेन'चे घड्याळ, लग्नाच्या याद्यांत लिहिलेले. पावती कुठे आहे, असे कुणी विचारत नसे. विचारणे असभ्यपणाचे मानले जाई. आमच्या धंतोलीतल्या वाड्यात एक शेजारी होते. त्यांचे कुणीतरी मुंबईला होते. एका संध्याकाळी ते अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, रुमालात गुंडाळलेले एक चकचकीत घड्याळ घेऊन आले. निम्म्या किमतीत देतो म्हणाले. अण्णा शाळामास्तर. त्यांच्या मनगटावर त्या वेळी काही नव्हते. ते म्हणाले, "नको हो. माझं आहे ना कपाटात. शाळेत घंटा होते, घरी रेडिओ आहे. उगीच हाताला ओझं कशाला?"

अण्णांचे घड्याळ वेस्ट एंडचे, 'सोवार प्रायमा'. ते कपाटात असते, हे आम्ही मुले धरूनच चाललो होतो. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा ते पुन्हा त्यांच्या मनगटावर दिसू लागले. आम्हाला त्यात विशेष काही वाटले नाही. अण्णा गेल्यावर ते माझ्याकडे आले आणि कितीतरी वर्षांनी बंद पडले, तेव्हा मी ते सीताबर्डीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेले.

त्याने चाकूने झाकण उघडले, भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग झाकण माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "हे पाहा जी. ज्यानं ज्यानं साफ केलं, त्यानं साल टाकलं आहे. अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, चोपन्न, सत्तावन्न. तुमचे वडील नेमाचे होते. मग एकदम त्रेसष्ट. मधली सहा वर्षं हे कुणी उघडलंच नाही. आणि हा जो आकडा आहे न, हा आमच्या माणसाचा नाही. ही सराफाची सुई आहे."

त्या झाकणात चार आकड्यांचा एक नंबर होता. साल नव्हते, नाव नव्हते. होम्सची गरज लागली नाही. १९५७ साली आमची अक्का मेडिकल कॉलेजात गेली होती. फी होती, पुस्तके होती आणि अभ्यासासाठी हाडांची पेटी विकत घ्यावी लागते, तीही होती. ती पेटी आमच्या माजघरात खाटेखाली असे आणि आम्ही धाकटी भावंडे तिला भीत असू. त्या सहा वर्षांत दर दिवाळीच्या आधी अण्णा एकटेच इतवारीत जात आणि येताना आमच्यासाठी बत्तासे आणत. व्याज भरायला जात होते, हे त्या दिवशी त्या दुकानात मला कळले.

मी अक्काला फोन केला. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. सगळे ऐकून ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. मीच सोडवून आणलं ते, पहिल्या पगारातून. अण्णांच्या उशाशी नेऊन ठेवलं. सकाळी त्यांनी चावी दिली, हाताला बांधलं आणि शाळेत गेले. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही."

"आणि आईला?"

"आईनंच मला सराफाचं दुकान सांगितलं."

रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून गुन्हेगाराकडे बोट दाखवतात. आमच्या घरात तिघांनाही सगळे ठाऊक होते. आणि आपल्याला ठाऊक आहे हे दुसऱ्याला कळू नये, म्हणून तिघेही जपत होते. अण्णांनी ते लाजेने लपवले, की अक्काच्या अभ्यासावर ओझे नको म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. पण रुमालातले चकचकीत घड्याळ नाकारताना त्यांच्या मनगटावर उघडा पडलेला तो फिकट पट्टा मला आता निराळा दिसतो. वॉटसन का चिडला, तेही कळते. आपल्या माणसाचे दुःख हुशारीने ओळखून दाखवायचे नसते.

आणि तरीही ते ओळखावे, असेच मला वाटते. दिवाळीची साफसफाई निघते, तेव्हा घरोघरी कपाटाच्या तळातून असले एखादे बंद घड्याळ वर येते. मुले ते कानाला लावतात, 'चालत नाही' म्हणतात आणि मोडीच्या डब्यात टाकायला निघतात. मोडीत घालण्यापूर्वी त्याचे झाकण एकदा कुणा जाणत्याकडून उघडून घ्यावे. बहुतेक घड्याळांत साफसफाईच्या सालांवाचून काही निघणार नाही. एखाद्यात निघेल. मग घरात जी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांच्यापाशी जाऊन बसावे आणि हळूच विचारावे. त्यांनी विषय बदलला, तर आपणही बदलावा आणि चकलीचे ताट पुढे करावे.