कागदावरचे किलोमीटर

खोपोलीच्या पुढे घाट लागला तेव्हा समोरच्या पडद्यावर 72 टक्के होते. मे महिना, दुपारचे साडेबारा. मागच्या सीटवर आई आणि आत्या, डिकीत हापूसच्या दोन पेट्या, एसी पूर्ण क्षमतेवर. तीन वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तिची पहिली लांबची खेप ठाण्याहून वाईला, गावी, असं ठरवलं. अमृतांजन पूल होता त्या वळणापाशी आकडा 60 वर आला. लोणावळ्याच्या फाट्यावर 52. वीस किलोमीटरमध्ये वीस टक्के. मी काही बोलत नव्हतो, पण आईने आरशातून माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय रे, पोचू ना?"

ठाणे ते वाई हे अंतर दोनशे पस्तीस किलोमीटरच्या आसपास. गाडीच्या माहितीपत्रकावर तीनशेच्या वरचा आकडा ठळक छापलेला होता आणि शोरूममधल्या तरुणाने "एका चार्जिंगमध्ये गाव, निश्चिंत जा" असं सांगितलं होतं. त्या दिवशी आम्हाला पुण्याला थांबून चार्जिंग करावं लागलं. तिथे पोचलो तेव्हा 19 टक्के उरले होते, आदल्या गाडीचं चार्जिंग चालू होतं आणि आत्याचं गोळ्यांचं वेळापत्रक चुकलं. मनस्ताप झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. पण घरी परतल्यावर मी त्या आकड्याचा पाठपुरावा केला आणि तेव्हापासून गाडी चालवताना रस्त्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

आपल्याकडे गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "अ‍ॅव्हरेज किती देते?" पेट्रोलच्या गाडीबाबत कंपनीचा आकडा वेगळा आणि खरा आकडा वेगळा हे आपण केव्हाच पचवलेलं आहे. बावीस छापलं असेल तर सोळा मिळतील, असं शेजारीसुद्धा सांगतो. त्याने अडत काही नाही. गाडी रिझर्व्हला लागली की पुढच्या पंपावर पाच मिनिटांत काम होतं. इलेक्ट्रिक गाडीत तोच फरक अंगावर येतो.

हा छापील आकडा कुठून येतो? गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे हे काम चालतं. ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी पळवायची, थांबवायची, पुन्हा पळवायची. आपल्याकडच्या या चक्राला एमआयडीसी म्हणतात. औद्योगिक वसाहतीची एमआयडीसी ती वेगळी. हे एक चक्र वीस मिनिटांच्या आत संपतं, त्यात गाडी अकरा किलोमीटरपेक्षा थोडं कमी धावते, शहरी भागात वेग पन्नासच्या वर जात नाही आणि नंतरच्या भागात नव्वदच्या वर. सरासरी वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या घरात. एसी बंद. चढ नाही, समोरून वारा नाही, आत्या नाही, आंबे नाहीत.

यात संस्थेची काही फसवाफसवी नाही. सगळ्या गाड्यांना एकच माप लावायचं, म्हणजे एकमेकींशी तुलना करता येते, यासाठी ही चाचणी आहे. सोनाराच्या काट्याइतकी ती काटेकोर असते. चुकतं ते पुढे. तुलनेसाठी काढलेला आकडा जाहिरातीत येताना वचन होऊन येतो आणि शोरूममध्ये तर तो थेट गावापर्यंत पोचतो. अमेरिकेत प्रयोगशाळेत मिळालेला पल्ला सर्वसाधारणपणे 0.7 ने गुणतात आणि मगच तो आकडा गाडीच्या काचेवरच्या चिठ्ठीवर चढतो. तीनशे आले तर दोनशे दहा छापायचे. माझ्या गाडीचा हिशेब त्या दिवशी जवळपास तसाच निघाला. आपल्याकडे अलीकडे काही कंपन्या प्रत्यक्ष वापरातला अंदाजही शेजारी देऊ लागल्या आहेत, हे चांगलं झालं. पण मोठ्या अक्षरात अजून जुनाच आकडा असतो.

पल्ला हा शब्द मला रेंजपेक्षा बरा वाटतो. लांब पल्ल्याची एसटी, पल्ला गाठणं, पल्लेदार आवाज. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी दम लागलेला आहे. लोणावळ्याला चहा घेताना मी टक्क्यांची तक्रार केली तेव्हा आई म्हणाली, "अरे, घाट आहे हा. आबा पसरणीचा घाट चढायचे तेव्हा पायथ्याला बैलांना पाणी पाजायचे आणि बापय माणसांना गाडीतून उतरवायचे. आम्ही पोरं आणि भाजीची पोती एवढंच वर." वाईहून पाचगणीला भाजी न्यायची, तर बैलांचा पल्ला घाटाने ठरायचा हे आजोबांना कुणी शिकवायला लागलं नाही. कोस तेवढाच असतो, पण चढाचा कोस बैलाला वेगळा लागतो.

मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. खोपोली ते लोणावळा उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटरचा. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून सतराशे किलो धरले, तर एवढं वजन नुसतं वर उचलायलाच अडीच युनिटच्या वर वीज लागते. मोटारीतला आणि बॅटरीतला तोटा धरला की तीन. तीस युनिटच्या बॅटरीतले दहा टक्के घाटाने उंचीपोटी घेतले, उरलेले दहा त्या वीस किलोमीटरच्या साध्या धावण्यात गेले. माझे वीस टक्के असे पै न् पै जमले, आणि जमल्यावर राग बराच उतरला.

पेट्रोलची गाडी हाच घाट चढते तेव्हा लिटरभर पेट्रोल जास्तीचं जाळते. चाळीस लिटरच्या टाकीत काटा हलल्यासारखाही वाटत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझ्या तीस युनिटच्या बॅटरीत जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलइतकाच साठा. साडेतीन लिटरवर ठाण्याहून पुणं! तेही एसी लावून, चौघांना घेऊन, घाट चढून. ही गाडी कमी पळते असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा. पेट्रोलचं इंजिन तीन चतुर्थांश ऊर्जा नुसती तापवण्यात घालवतं, त्यामुळे वारा आणि चढ जे नेतात ते त्या उधळपट्टीत दिसतच नाही. इलेक्ट्रिक गाडी बहुतेक सगळं चाकापर्यंत पोचवते. म्हणून वाटेत कोण किती घेतं ते स्पष्ट दिसतं.

सगळ्यांत जास्त घेतो तो वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेलात की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. एक्स्प्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे म्हणून आपण शंभर धरतो आणि तिथेच कागदावरचे किलोमीटर गळायला लागतात. पेट्रोलची गाडी हायवेला जास्त अ‍ॅव्हरेज देते आणि शहरात कमी. इलेक्ट्रिकचं नेमकं उलटं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर रांगत जाताना मला छापील आकड्याच्या पुष्कळ जवळ जाता येतं, कारण प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते. एसीचं मात्र तसं नाही. तो तासाच्या हिशेबाने वीज घेतो, भर उन्हाळ्यात तासाला एक-दीड युनिट. घाटात तासभर कोंडीत अडकलात तर गाडी हलली नाही तरी आठ-दहा किलोमीटर खर्ची पडले. थंड मुलखात हीच जागा हीटर घेतो.

उतारावर वीज परत मिळवणं ही काही कालची गोष्ट नाही, आणि ती याच घाटातली आहे. जीआयपी रेल्वेने कल्याण-पुणे मार्गावर 1930 च्या सुमारास वीज आणली, तेव्हा मालगाड्यांसाठी जी इंजिनं आली त्यांना घाट उतरताना वीज पुन्हा तारेत ढकलता यायची. लोक त्या इंजिनांना खेकडा म्हणत. चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन, म्हणजे बँकर, लागतं, ते आजही. लहानपणी कर्जतला गाडी थांबली की वडा घ्यायचा एवढंच ठाऊक होतं. मागे बँकर जोडला जात असतो, रेल्वे घाटाचा हिशेब वेगळा मांडते, हे फार उशिरा कळलं. ठाण्यापासून पुण्यापर्यंत एकाच इंजिनाचा दम पुरेल असं रेल्वेने कधी कुणाला सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर खंडाळ्याला 61 टक्के होते. खाली खोपोलीला पोचलो तेव्हा 63. आत्या टाळ्या वाजवायची बाकी राहिली. घाटाने जे घेतलं होतं त्यातलं थोडं दिलं. सगळं देत नाही, कारण उतरतानाही टायर घासतात, वारा अडवतो, मोटार आणि बॅटरी आपला वाटा ठेवून घेतात. पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरचा अंदाज मात्र तेव्हा एकदम फुगला. गाडी मागच्या काही किलोमीटरवरून पुढचे किलोमीटर ठरवते. चढून आल्यावर तिला सगळं जग चढच वाटतं, उतरल्यावर सगळा उतार. तेव्हापासून मी तो अंदाज बघतच नाही. टक्के बघतो आणि पुढचा रस्ता आठवतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. शंभरपासून शून्यापर्यंत गाडी कुणीच नेत नाही. पंधरा-वीस टक्के उरले की जीव खालीवर होतो. वाटेतल्या फास्ट चार्जरवर ऐंशीच्या पुढे वीज इतकी हळू शिरते की थांबणं परवडत नाही. म्हणजे वाटेतल्या दोन थांब्यांमध्ये हाताशी राहतात ते बॅटरीचे साठ टक्के. खऱ्या दोनशे किलोमीटरच्या गाडीचा दोन थांब्यांमधला पल्ला एकशेवीस. हे अंतर माहीत असेल तर प्रवास सुखाचा होतो. आम्ही आता वाईला जाताना पुण्याला जेवतो आणि गाडीही तेवढ्या वेळात भरून घेतो. आत्याच्या गोळ्यांची वेळ तीच ठेवली आहे.

ही गाडी मला मनापासून आवडते, विकायचा विचार कधी आला नाही. म्हणूनच ती घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. शोरूममध्ये आकडा ऐकलात की तुमच्या गावच्या रस्त्याचं नाव घ्या आणि विचारा, मे महिन्यात, एसी लावून, चौघं बसवून, शंभरच्या वेगाने, घाट चढून ही गाडी किती जाईल? जमलं तर त्याच रस्त्यावर चालवून बघू द्या म्हणा. सरळ उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.