पाण्यावरची बाज

साठी उलटलेल्या माणसाने नवी वस्तू घ्यावी ती फार तर चष्मा किंवा काठी, असे आमच्या वाईकडचे जुने लोक समजत. मी सत्तराव्या वर्षी पाण्यावर तरंगणारा ट्रॅम्पोलीन विकत घेतला. ही बातमी वाईला पोचली तेव्हा थोरल्या बहिणीने फोनवर विचारले, "ते खायचं असतं की लावायचं?"

"अक्का, बाज गं! नवारीची बाज असते ना, तशी. फक्त गोल, आणि पाण्यावर ठेवायची. तिच्यावर झोपायचं नाही, उड्या मारायच्या."

अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला दे फोन."

'ती' म्हणजे आमची सौभाग्यवती. दोघींचे पुढे काय बोलणे झाले ते मला कधी कळले नाही.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. इथल्या मोटारींच्या पाट्यांवर 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. ही अतिशयोक्ती असेल असे वाटून मी एकदा चौकशी केली, तर उलट तो विनय निघाला. दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत! १९८६ साली नोकरीनिमित्त इथे आलो, आणि निवृत्त झाल्यावर २०२० साली शहरापासून दोन तासांवर एका लहानशा तळ्याकाठी लाकडी घर घेतले. मनात हिशेब असा, की तळ्याच्या ओढीने चिरंजीव, सूनबाई आणि नात शिकागोहून वरचेवर येतील. वाट आठ तासांची. पहिल्या उन्हाळ्यात ती मंडळी दोनदा आली, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. तिसऱ्या वर्षी नातीने फोनवर सरळच विचारले, "आबा, तुमच्याकडे काय आहे?"

"तळं आहे."

"तळ्यात काय आहे?"

"पाणी," मी म्हटले. हे उत्तर पुरेसे नाही, हे माझे मलाच समजले.

पण खरे कारण याहून जुने होते, आणि ते मी हिलाही सांगितले नव्हते. १९९४ साली चिरंजीव दहा वर्षांचा होता. शेजाऱ्यांच्या परसात ट्रॅम्पोलीन आला होता. आपल्यालाही घेऊ या, म्हणून त्याने माझ्यामागे धोशा लावला आणि मी साफ नाही म्हटले. पाय मोडला तर? विमा कंपनी काय म्हणेल? आणि अभ्यास? माझे म्हणणे चूक होते असेही नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही परसातल्या ट्रॅम्पोलीनच्या विरोधातच आहे. पण त्या संध्याकाळी खिडकीतून मी त्याला कुंपणापाशी उभा असलेला पाहिला. पलीकडे मुलांची डोकी वर येत आणि खाली जात होती, आणि याची मान त्यांच्याबरोबर वर-खाली होत होती. बरोबर असलेले निर्णयही माणसाला किती वर्षे टोचतात पाहा!

तर २०२३ च्या मे महिन्यात मी दुकानात गेलो. तिथे कळले की यातही दोन जाती आहेत. एकीला स्प्रिंगा नसतात; फुगवलेल्या कड्यालाच कापड पट्ट्यांनी ताणून बांधलेले असते. ती हलकी, स्वस्त, आणि उसळी बेताची. दुसरीत लोखंडी चौकट आणि स्प्रिंगा असतात. ती जड, महाग, आणि उसळी खरी. एकोणतीस वर्षांच्या व्याजासकट फेड करायची म्हणून मी दुसरी घेतली, पंधरा फूट व्यासाची. खोके दोघांनी उचलून मोटारीत घातले. घरी पोचल्यावर उचलायला दोघे नव्हते.

या यंत्राचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आमच्या दक्षिणेला लागूनच आयोवा राज्य. तिथला जॉर्ज निसन हा मुलगा सर्कशीतले झुलेवाले खेळ संपल्यावर जाळ्यात पडून कसे उसळतात ते पाहून वेडा झाला, आणि १९३४ साली त्याने लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साथीने पहिला ट्रॅम्पोलीन तयार केला. १९६० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका कांगारूबरोबर उड्या मारतानाचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. 'ट्रॅम्पोलीन' हा शब्द त्याने स्पॅनिशमधून उचलला, आणि तिथे त्याचा अर्थ सूर मारायची फळी! म्हणजे पाण्याकाठचा शब्द जमिनीवर गेला आणि फिरून पाण्यावर आला. आम्ही वाईहून निघालेले मात्र अजून परतलो नाही. असो.

स्प्रिंगा लावणे हे काम वडिलांमुळे जमले. पुस्तिकेत लिहिले होते, ओळीने लावू नका. एक इकडची लावली की दुसरी बरोबर समोरची लावा, नाही तर कापड एका अंगाला ओढले जाईल. वडील दर उन्हाळ्यात अंगणात बाज कसायला बसत, तेव्हा एका अंगाने नवार ओढली की दुसऱ्या अंगाला पाय देत. नवारीचे दुसरे टोक धरण्याचे काम माझे. इथे माझे टोक हिने धरले. कडे फुगवायला विजेचा पंखा लागतो. तोंडाने फुगवण्याचा विचार ज्याच्या मनात येईल त्याने आधी मृत्युपत्र करावे. सकाळी टणक फुगवावे तर दुपारी उन्हाने हवा प्रसरण पावून शिवणी ताणतात, थोडी सोडावी लागते. आणि रात्री गार पाण्याने कडे मऊ पडते. ही म्हणाली, "पुरी गार झाली की बसते, तसंच आहे हे."

खाली निदान आठ फूट पाणी हवे, म्हणून धक्क्यापासून बराच आत नेऊन काँक्रीटच्या ठोकळ्याला साखळीने बांधला. आता मालकी माझी. पण वापर पहिले तीन आठवडे कॅनडा गूज नावाच्या दांडग्या हंसांनी केला. त्यांनी तिथे जे करून ठेवले त्याचे वर्णन दिवाळी अंकात नको. हिने त्यांना घाबरवायला आकाशकंदिलाच्या चकचकीत झिरमिळ्या बांधल्या. हंस त्या झिरमिळ्यांखाली सावलीला बसू लागले. शेवटी रोज सकाळी होडीतून बादली आणि खराटा घेऊन जाणे हा माझा व्यायाम ठरला. जुलैत वादळ झाले आणि ठोकळ्यासकट सगळे प्रकरण पलीकडच्या काठाला लव्हाळ्यांत जाऊन रुतले. पलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने आपल्या मोटारबोटीने ते ओढून आणले, आणि मोबदल्यात एक डबा चिवडा नेला.

ऑगस्टमध्ये मंडळी आली. नात लाईफ जॅकेट घालून जी वर चढली ती जेवायलाही उतरेना. हिने धक्क्यावर मराठीत पाटी लावली होती: 'डोक्याकडून सूर मारू नये. खालून पोहत जाऊ नये.' नातीला मराठी वाचता येत नाही, पण आजीचा आवाज पाटीहून मोठा होता.

रात्री सगळे निजल्यावर मी आणि चिरंजीव धक्क्यावर बसलो होतो. मी एकदाचे मनातले काढले. म्हटले, "त्या वर्षी तू मागितला होतास. मी घेऊन दिला नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "कधी? मी मागितला होता? मला नाही आठवत, बाबा."

एकोणतीस वर्षे मी ज्याचा हप्ता मनात फेडत होतो, ते कर्ज सावकाराच्या वहीतच नव्हते!

"मला दुसरंच आठवतं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "आपण नोकोमिसला जायचो ना, रविवारी. आई पोहे आणायची. तुम्ही बाकावर बूट घालून बसायचात. सगळ्यांचे बाबा पाण्यात असायचे. मला वाटायचं, तुम्हाला पोहता येत नाही, आणि ते कुणाला कळायला नको. म्हणून मीही मग काठाकाठानेच खेळायचो."

नोकोमिस हे मिनियापोलिस शहरातले तळे. ओजिब्वे भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'माझी आजी'. त्या आजीच्या काठी मी खरोखरच बूट घालून बसत असे. खिशात ऑफिसचे कागद असत. मी त्याला म्हटले, "अरे, मला आठव्या वर्षी काकांनी पाठीला सुकलेला भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं. बाराव्या वर्षी मी कृष्णेच्या पुरात घाटावरून उड्या मारत होतो."

"मग का नाही उतरलात?"

याला उत्तर नव्हते. परक्या देशात लोकांसमोर उघड्याने जायची लाज, हे एक. दुसरे म्हणजे, वेळ नव्हता असे मी तेव्हा समजत होतो. दोन्ही सांगितली. तो "हं" एवढेच म्हणाला.

सकाळी मी पाण्यात उतरलो. ऑगस्टातही ते पाणी असे गार, की कृष्णेचे सगळे पूर आठवले. हात मात्र विसरले नव्हते. धापा टाकीत का होईना, पोचलो. पण चढणे? त्या शिडीचा दोष असा, की पाय दिला की ती कड्याच्या खाली सरकते आणि माणूस आडवा होतो. तीनदा पडलो. शेवटी वरून चिरंजीवाने दोन्ही हात धरले, नातीने सदऱ्याची कॉलर, आणि मी ओल्या गादीसारखा वर येऊन पडलो. उभे राहणे जमेना म्हणून मध्ये बसलो. तोच नातीने कडेला उडी मारली आणि मी हातभर हवेत गेलो! धक्क्यावरून ही ओरडली, "अहो, कंबर!" पण तोवर माझी दुसरी फेरी सुरू झाली होती. शेवटी काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. पाणी धक्क्यापर्यंत उडाले, असे नात म्हणते. चिरंजीव म्हणतो, नाही उडाले.

यंदाचा तिसरा उन्हाळा संपला. तो बाहेर काढण्याचे काम आता चिरंजीवाने आपल्याकडे घेतले आहे. त्यासाठी सप्टेंबरात एक शनिवार-रविवार तो एकटाच येतो. खालचे शेवाळ ब्रशने घासायचे, दोन दिवस उन्हात वाळवायचे, आणि उंदीर लागू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या पिंपात घालायचे. परवा घडी घालताना दोन स्प्रिंगा गंजलेल्या सापडल्या. त्या मी दिवाळीनंतर मागवीन म्हटले तर तो म्हणाला, "राहू द्या, बाबा, मी मागवतो. माप लिहून घेतलंय."